वाचनीयतेचा गुणांक : एक प्रतिवाद

काही महिन्यांपूर्वी एका नियतकालिकाच्या संगणकीय आवृत्तीसाठी मी शेतजमिनीच्या फेरफार-नोंदींविषयी एक लेख पाठवला होता. तो परत आला तेव्हा त्यातील वीस शब्दांहून लांब असलेले प्रत्येक वाक्य तांबड्या रंगाने अधोरेखित केलेले होते, आणि सोबतच्या टिपणात असे कळवले होते की, संगणकाने काढलेला लेखाचा वाचनीयता-गुणांक किमान मर्यादेच्या खाली असल्यामुळे ही वाक्ये तोडून, 'अवघड' अशी खूण केलेले शब्द बदलून, मजकूर पुन्हा पाठवावा. लेखातील एखादे विधान चुकीचे आहे, एखादा मुद्दा अस्पष्ट राहिला आहे, किंवा अमुक वाचकाला अमुक ठिकाणी अडखळावे लागले, असा एकही आक्षेप त्या टिपणात नव्हता. टिपण लिहिणाऱ्या गृहस्थांचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. पुढील पत्रव्यवहारात त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडली, आणि ती बाजू आज इतक्या ठिकाणी व इतक्या निःशंकपणे मांडली जाते की, तिचा परामर्श खाजगी पत्रात न घेता जाहीरपणे घेणे मला कर्तव्य वाटते.

त्यांचा पक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर तो असा. आजचा वाचक तळहाताएवढ्या पडद्यावर, प्रवासात, दोन कामांच्या मधल्या अवकाशात वाचतो. त्याच्यापुढे पल्लेदार वाक्ये ठेवणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय. संपादकाची अभिरुची व्यक्तिगणिक बदलते, आणि तिच्यात ओळखीदेखीचा, शहराचा, जातीचा, शिक्षणाचा पक्षपात शिरू शकतो. अंकाला मात्र कोणाचीच ओळख नसते. अमेरिकेत सैन्य, विमा व शिक्षण या क्षेत्रांत अशी सूत्रे पाऊणशे वर्षे वापरात आहेत. ती स्थूल असली तरी मुळीच माप नसण्यापेक्षा स्थूल माप बरे. म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक मजकुराला किमान गुणांकाची अट असावी, आणि त्या अटीत जो बसेल तो लेख चांगला व न बसेल तो सदोष मानावा.

यातील पहिल्या विधानामागची कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे, किंबहुना माझा परत आलेला लेख त्याच कळकळीतून लिहिलेला होता. आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागू पाहते आहे, ही गोष्ट नोटीस हाती असूनही ज्या खातेदाराला कळत नाही, त्याचे नुकसान त्या नोटिशीच्या भाषेने केलेले असते, आणि ते नुकसान कोणत्याही दरोड्याने केलेल्या नुकसानाइतकेच खरे असते. दुर्बोध लेखनाची वकिली करण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. माझे म्हणणे असे की, हा गुणांक वाचनीयता मोजतच नाही. तो वाक्याची आणि शब्दाची लांबी मोजतो, आणि मराठीच्या बाबतीत ती लांबीही त्याला धडपणे मोजता येत नाही. ज्या खातेदाराच्या नावाने ही चळवळ चालते त्याला तिचा उपयोग तर नाहीच, उलट अपाय होण्याचाच संभव अधिक आहे.

हा अंक आला कोठून, हे पाहिल्यावाचून त्याच्या अधिकाराचा निवाडा करता येणार नाही. १८९३ साली एल. ए. शेर्मन या अमेरिकन प्राध्यापकाने इंग्रजी गद्यातील वाक्ये मोजून असे दाखवले की, शतकानुशतके इंग्रजी वाक्य आखूड होत आले आहे. १९२१ साली थॉर्नडाइक यांनी शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांची, वापराच्या प्रमाणानुसार लावलेली यादी प्रसिद्ध केली, आणि दोनच वर्षांनी लाइव्हली व प्रेसी यांनी त्या यादीच्या आधारे शालेय पुस्तकांच्या काठिण्याचे पहिले गणित मांडले. सर्वाधिक प्रसिद्ध झाले ते मात्र रुडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र. फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे; तेथे कायद्याचे शिक्षण झाल्यावर १९३८ साली ते अमेरिकेत आले, आणि कोलंबिया विद्यापीठात वाचनीयतेवर प्रबंध लिहून १९४८ साली त्यांनी आपले सुधारित सूत्र मांडले. २०६.८३५ या संख्येतून दर वाक्यातील सरासरी शब्दसंख्येची १.०१५ पट आणि दर शब्दातील सरासरी उच्चारी अक्षरांची ८४.६ पट वजा करावी. बाकी शंभराच्या जवळ राहिली तर मजकूर अत्यंत सुबोध, साठ ते सत्तरच्या दरम्यान राहिली तर सर्वसाधारण, आणि तिसाच्या खाली गेली तर अत्यंत कठीण.

हे चमत्कारिक दिसणारे दशांश कोणत्याही भाषाशास्त्रीय सिद्धांतातून निघालेले नाहीत. मॅकॉल आणि क्रॅब्ज यांनी अमेरिकन शाळांतील मुलांसाठी वाचनाच्या सरावाचे जे छोटे उतारे १९२५ साली प्रसिद्ध केले होते, त्यांवरील प्रश्नांची ठरावीक प्रमाणात बरोबर उत्तरे कोणत्या इयत्तेतील मुले देतात याच्याशी वाक्याची व शब्दाची लांबी ताडून पाहिल्यावर जी संख्याशास्त्रीय रेषा मिळाली, तिचे हे स्थिरांक आहेत. हा सहसंबंध सुमारे ०.७० इतका होता. ज्यांना संख्याशास्त्राचा परिचय आहे त्यांना हे सांगावयास नको की, ०.७० चा वर्ग सुमारे निम्मा होतो. म्हणजे ज्या उताऱ्यांवर हे सूत्र घडवले गेले, त्या इंग्रजी शालेय उताऱ्यांच्या काठिण्यातील भेदांपैकीही जवळजवळ अर्धा भाग त्याच्या पकडीबाहेर राहिला होता. आणि जो अर्धा पकडीत आला, त्याच्याविषयीही सूत्र एवढेच सांगते की, लांब वाक्ये आणि काठिण्य ही त्या उताऱ्यांत बहुधा एकत्र आढळली. ताप आणि रोग एकत्र आढळतात. म्हणून तापमापक बर्फात बुडवून पारा खाली आणला तर रोगी बरा होत नाही. लेखकाने वाक्य तोडून गुणांक वर चढवणे हे नेमके याच जातीचे कृत्य आहे. फ्लेश यांना स्वतःला या मापाचे अपुरेपण जाणवले असावे, कारण त्याच वेळी त्यांनी मजकुरातील मानवी आस्था मोजण्यासाठी दुसरे सूत्र दिले, ज्यात व्यक्तिवाचक शब्द आणि संवादाची वाक्ये मोजावयाची होती. त्या दुसऱ्या सूत्राचे आज कोणी नावही काढत नाही.

पुढचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात माप कशावरून निवडले गेले ते उघड दिसते. १९६७ साली अमेरिकन हवाई दलासाठी स्मिथ आणि सेंटर यांनी जो निर्देशांक काढला, त्यात शब्दातील उच्चारी अक्षरांऐवजी लिपीतील अक्षरचिन्हे मोजली. कारण विजेच्या टंकलेखन-यंत्राला गणक जोडला की प्रत्येक आघात आपोआप मोजला जाई. १९७५ साली कोलमन आणि लियाउ यांनी याच सोयीसाठी पुन्हा अक्षरचिन्हांचाच आधार घेतला. त्याच वर्षी किंकेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलातील ५३१ शिपायांची चाचणी घेऊन फ्लेश यांच्या सूत्राचे शालेय इयत्तेत रूपांतर केले, आणि तेच रूप आज लेखनाच्या संगणकीय साधनांतून जगभर पसरले आहे. म्हणजे मोजले गेले ते यंत्राला मोजता आले म्हणून. ते मोजण्याजोगे आहे काय, हा प्रश्न त्या सोयीखाली दडपला गेला.

आता हे माप मराठीला लावून पाहू, कारण माझ्या लेखाला ते लावण्यात आले होते. 'आजी घरासमोरच्या अंगणातल्या झाडाखाली बसली' हे वाक्य घ्यावे. बालवाडीतील मुलाला ते सांगितले तर ते मूल आजी कोठे बसली आहे हे बोटाने दाखवील. या वाक्यात शब्द पाच आहेत. उच्चारातील अक्षरे मोजली तर 'आजी' दोन, 'घरासमोरच्या' पाच, 'अंगणातल्या' चार, 'झाडाखाली' चार आणि 'बसली' दोन, मिळून सतरा. फ्लेश यांच्या सूत्रात या संख्या घातल्या की उत्तर येते उणे ८६. शून्य ते शंभर या श्रेणीत तिसाच्या खालचा मजकूर विद्वानांनाच झेपणारा. मग शून्याच्याही शहाऐंशी पायऱ्या खाली असलेले हे वाक्य कोणी वाचावे? याच्या उलट, 'जे आहे ते नाही' हे चार शब्दांचे व सहा अक्षरांचे वाक्य घ्यावे. त्याचा गुणांक येतो ७६, म्हणजे बऱ्यापैकी सोपे. आणि या एका वाक्याच्या अर्थावर वेदान्ती आणि शून्यवादी यांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू शकेल.

असे का होते, हे मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या कोणालाही कळण्यासारखे आहे. इंग्रजी भाषा जो संबंध सुट्या शब्दांनी दाखवते, तो मराठी विभक्तिप्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी दाखवते, आणि ही अव्यये नामाच्या सामान्यरूपाला जोडून लिहिण्याचा आपला नियम आहे. 'घरासमोरच्या अंगणातल्या झाडाखाली' हे तीन शब्द इंग्रजीत सांगावयाचे तर अकरा शब्द लागतात. मराठी शब्द लांब असतो तो अवघड असतो म्हणून नव्हे. घर, समोर आणि चा हे तिन्ही ओळखीचे घटक त्यात एकत्र नांदतात म्हणून तो लांब असतो, आणि वाचणारा ते घटक इतक्या सहजतेने वेगळे करतो की आपण काही वेगळे केले याची त्याला जाणीवही होत नाही.

यावर मला असे उत्तर मिळाले की, मग मराठीसाठी निराळे स्थिरांक काढावेत. सूत्र तेच ठेवावे. या उत्तराने मूळ दोष जात नाही, कारण दोष स्थिरांकात नसून परिमाणात आहे. वरचेच वाक्य कोणी नियम मोडून 'आजी घरा समोरच्या अंगणातल्या झाडा खाली बसली' असे लिहिले, आणि आजकाल असे तोडून लिहिलेले पुष्कळ पाहावयास मिळते, तर शब्द पाचाचे सात होतात, अक्षरे सतराच राहतात, आणि गुणांक उणे ८६ वरून एकदम उणे ६ वर येतो. वाक्याचा अर्थ तसूभरही बदललेला नाही. लेखनात दोन चुका मात्र झाल्या आहेत, आणि त्या चुकांबद्दल सूत्राने लेखकाला ऐंशी गुण बहाल केले आहेत. स्थिरांक कोणतेही घ्या, शब्द आखूड असण्याला जोवर त्यात बक्षीस आहे तोवर शब्द तोडणाऱ्याचीच सरशी होणार. लिपीतील चिन्हे मोजण्याचा मार्ग पत्करला तर अनवस्था आणखी वाढते, कारण संगणकाच्या सांकेतिक पद्धतीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण या प्रत्येकाला स्वतंत्र स्थान आहे. 'ज्या' हे एका उच्चाराचे अक्षर तेथे चार चिन्हांचे ठरते.

वाक्याचीही गत निराळी नाही. आपल्या जुन्या मोडी दप्तरांत शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा शिरस्ता नव्हता आणि पूर्णविरामही नव्हता. विरामचिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, मुद्रणाबरोबर आणि मेजर कॅंडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. पेशवाईतील कारकून शंभर शब्दांची कैफियत एका दमात लिहीत असे, आणि ती ऐकणाऱ्या पाटलाला पहिले कलम कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे 'ऐसीयास', 'त्यास', 'तरी' या शब्दांनी नेमके कळत असे. म्हणजे ज्या पूर्णविरामावर या सूत्राचा अर्धा डोलारा उभा आहे, तो आपल्या गद्यात अलीकडे आलेला पाहुणा आहे. आणि त्याच्या अभावी शतकानुशतके महसुलाचा, न्यायाचा व लढाईचा सगळा कारभार मराठीत विनातक्रार चालला होता.

पण वाक्य तोडल्याने अर्थाचे काय होते, हा प्रश्न मला यापेक्षाही जिव्हाळ्याचा आहे. 'विहिरीचे पाणी आटल्यामुळे त्याने ऊस मोडला' हे एक वाक्य. ते तोडून 'विहिरीचे पाणी आटले. त्याने ऊस मोडला' असे केले की दोन आखूड वाक्ये मिळतात आणि 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय नाहीसे होते. त्या एका अव्ययात त्या माणसाच्या सबंध वर्षाची हानी आणि तिचे कारण साठवलेले होते. आता कार्यकारणाचा तो सांधा वाचकाने स्वतः जुळवावा अशी अपेक्षा आहे, आणि जो वाचक कमी सराव असलेला आहे, ज्याच्यासाठी म्हणून हे तोडणे झाले, त्यालाच ते जुळवणे सर्वांत जड जाते. १९८२ साली डेव्हिसन आणि कॅंटर या संशोधकांनी शालेय वाचनासाठी सुलभ केलेल्या इंग्रजी मजकुरांची मूळ मजकुरांशी तुलना करून हाच दोष दाखवून दिला: सूत्राला अनुसरून वाक्ये तोडल्यामुळे विचारांतील संबंध हरवले आणि मजकूर कित्येक ठिकाणी अधिक दुर्बोध झाला. माझ्या लेखात तांबड्या रंगाने खूण केलेले एक वाक्य असे होते की, 'ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत दाखल न झाल्यास संबंधितांचे काही म्हणणे नाही असे समजून नोंद प्रमाणित करण्यात येते, म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख प्रथम टिपून ठेवावी.' सुचवलेली दुरुस्ती अशी होती: 'मुदतीत हरकत घ्यावी. नोंद प्रमाणित होते. तारीख टिपून ठेवावी.' या तीन वाक्यांत न घेतलेल्या हरकतीचा परिणाम कोठे सांगितला आहे? 'न झाल्यास' हे दोन शब्द गेले, आणि त्यांच्याबरोबर खातेदाराला सावध करणारी सगळी गोष्ट गेली. मराठीत 'जर', 'तर', 'जरी', 'तरी', 'म्हणून', 'असूनही' आणि ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिते ही विचाराची बिजागरे आहेत; ती काढून टाकली की दार हलके होते हे खरे, पण ते उघडत नाही.

लघुत्व म्हणजे सुबोधता नव्हे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. म्हणूनच या प्रश्नात आपण अमेरिकन सूत्रांपुढे इतक्या सहजी मान तुकवावी याचे मला मनापासून दुःख होते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात रचनेचे समासांच्या लांबीवरून तीन प्रकार सांगितले: असमासा, मध्यमसमासा आणि दीर्घसमासा. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, ही लांबीवरून केलेली प्रतवारीच होय. परंतु ती सांगून तो थांबला नाही. माधुर्य, ओज आणि प्रसाद हे गुण या लांबीत राहतात काय, असा प्रश्न त्याने उपस्थित केला, आणि राहत नाहीत असे सिद्ध केले. प्रसाद, म्हणजे अर्थ ऐकताक्षणी मनात पसरण्याची शक्ती, तिन्ही प्रकारच्या रचनांत असू शकतो. आणि तो नसेल तर समास मुळीच नसलेली रचनाही करुणरस व्यक्त करू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे मम्मटाने प्रसादगुणाला वाळलेल्या लाकडात पसरणाऱ्या अग्नीची उपमा दिली. या दोघांच्याही आधी दंडीने तर समासांची विपुलता हे गद्याचे जीवितच मानले होते. त्या टोकाला जावे असे मी म्हणत नाही, आजच्या मराठीला ते मानवणारही नाही. पण ज्या परंपरेने लांबी आणि प्रसाद यांची फारकत हजार वर्षांपूर्वी तर्काने करून ठेवली, तिच्या वारसांनी त्या दोहोंची पुन्हा गल्लत करावी, हे योग्य नव्हे.

मराठीतला अनुभवही हेच सांगतो. लीळाचरित्रातील वाक्ये इतकी आखूड आहेत की कोणतेही सूत्र त्यांवर प्रसन्न व्हावे. तरीही ती आजच्या विद्यार्थ्याला टिपांवाचून उलगडत नाहीत, कारण तेराव्या शतकातील रूपे आणि तो परिसर त्याच्या परिचयाचा नाही. चिपळूणकरांच्या निबंधमालेतील वाक्ये पानाच्या मध्यापर्यंत पोहोचतात, आणि तरीही १८७४ पासून पुढे एका सबंध पिढीने ती आवडीने वाचली. काठिण्य मजकुरात एकट्यात नसते. मजकूर आणि वाचक यांच्या संबंधात असते. सातबाऱ्यावरचे 'पोटखराबा' आणि 'जुडी' हे शब्द घ्यावेत. सूत्राच्या हिशेबाने 'जुडी' अगदी सोपा आणि 'पोटखराबा' जड. खेड्यातील खातेदाराला दोन्ही तोंडपाठ, आणि शहरातील पदवीधराला दोन्ही अपरिचित. 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे, म्हणजे अज्ञान वारसाच्या वतीने वहिवाट पाहणारा पालनकर्ता, सूत्राला तर शब्द म्हणूनही जाणवणार नाहीत. पण तीच न कळल्यामुळे सज्ञान झालेल्या मुलांची नावे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या आड राहिलेली मी पाहिली आहेत.

अंक निःपक्षपाती असतो, या विधानाविषयी मला थोडेच सांगावयाचे आहे. वीस शब्दांची मर्यादा कोणीतरी ठरवली, किमान गुणांक कोणीतरी ठरवला, शब्दाच्या लांबीला वाक्याच्या लांबीपेक्षा किती पट वजन द्यावे हेही कोणत्यातरी मुलांच्या कोणत्यातरी परीक्षेवरून ठरले. या सगळ्या निवडी माणसांच्याच आहेत. फरक एवढाच की, संपादकाने लेख नाकारला तर त्याला कारण द्यावे लागते व त्या कारणाचा प्रतिवाद करता येतो, आणि अंकाने नाकारला तर वाद घालायला समोर कोणी उरत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने विमापत्राला फ्लेश-गुणांक किमान ४५ असण्याची अट घातली आहे. हेतू उत्तम, परंतु विमापत्रातील अपवादाचे कलम तोडून आखूड केल्याने अट पुरी होते, आणि तो अपवाद आपल्याला लागू आहे की नाही हे विमेदाराला कळले काय, हे विचारण्याची पाळी कोणावरच येत नाही.

याहून नवा आणि अधिक प्रबळ दिसणारा युक्तिवाद असा केला जातो की, लांबी मोजणारी सूत्रे आता जुनी झाली, यंत्रे आता अर्थाजवळ पोहोचली आहेत, तेव्हा दर्जाचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. या मार्गावरील पहिले पाऊल १९६६ साली एलिस पेज यांनी टाकले. विद्यार्थ्यांचे निबंध संगणकाने तपासावेत असा त्यांचा प्रयत्न होता. ते प्रामाणिक संशोधक होते, आणि लेखनाचे अंगभूत गुण निराळे व त्यांच्या जागी यंत्र मोजते ती निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्दयोगी अव्यये अशी बदली लक्षणे निराळी, हा भेद त्यांनी स्वतःच नावे देऊन नोंदवून ठेवला होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१४ साली, मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाचे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने असा एक प्रोग्रॅम तयार केला की, तो दोन-तीन शब्द दिले असता भारदस्त पण संपूर्ण निरर्थक निबंध रचत असे. आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्यांना वरचे गुण दिले. पेज यांनी केलेला भेद त्यांचे वारस विसरल्याचा हा पुरावा आहे.

मराठीपुरता हा विषय आता केवळ शाळेचा राहिलेला नाही. जगातील मोठी भाषायंत्रे ज्या मजकुरावर शिकतात तो कोट्यवधी पानांतून चाळून घेतला जातो, आणि चाळणी कोणती लावावी हे कोणीतरी ठरवतो. गूगलच्या संशोधकांनी इंग्रजीसाठी 'सी-फोर' नावाचा जो संग्रह केला, त्यात ज्या ओळीच्या शेवटी पूर्णविरामासारखे चिन्ह असेल तीच ओळ ठेवली गेली. १०१ भाषांसाठी, ज्यांत मराठीही आहे, 'एम-सी-फोर' हा संग्रह करताना सर्व भाषांत इंग्रजी विरामचिन्हे नसतात हे त्यांनी ओळखले, आणि त्याऐवजी ज्या पानावर दोनशे किंवा अधिक चिन्हांच्या किमान तीन ओळी असतील तेच पान ठेवण्याचा नियम केला. कचरा दूर ठेवण्यासाठी हे नियम केलेले आहेत आणि पुष्कळ कचरा त्यांनी दूर राहत असेल. परंतु दोनशे चिन्हांच्या कसोटीवर ओवी बसत नाही, अभंग बसत नाही, आखूड परिच्छेदांची कहाणी बसत नाही, नाटकातला संवाद बसत नाही. शासकीय परिपत्रक मात्र निर्वेध पार होते. एक यंत्र लांब ओळीला दंड करते, दुसरे लांब ओळीलाच प्रवेश देते, आणि दोघांपैकी कोणीही ती ओळ वाचलेली नसते. ज्या भाषेचा मजकूर मुळातच थोडा, तिच्या वाट्याला अशी चाळणी येणे ही इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी हानी आहे, कारण इंग्रजीत जे एका पानावर हरवते ते दुसऱ्या हजार पानांवर पुन्हा भेटते.

मग मोजूच नये काय? अवश्य मोजावे, पण ज्याला वाचावयाचे आहे त्याला विचारून मोजावे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली याचा एक अगदी साधा मार्ग दाखवला: मजकुरातील ठरावीक अंतरावरचे शब्द गाळावेत, आणि ते वाचकाला किती भरता येतात ते पाहावे. याच प्रयोगात गर्ट्रूड स्टाइन यांचे गद्य, जे आखूड शब्दांमुळे फ्लेश यांच्या सूत्राला सोपे वाटत होते, ते वाचकांना कठीण जाते असे दिसून आले. कारण येथे वाचक स्वतः साक्षीला उभा राहिला होता. मराठीत हे करण्यास कोणत्याही स्थिरांकाची गरज नाही. फेरफाराच्या नोटिशीचा मसुदा घेऊन चावडीवर जावे, दहा खातेदारांना तो वाचावयास द्यावा किंवा वाचून दाखवावा, आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत: ही नोंद कोणाच्या नावाने होणार आहे, आणि तुम्ही काहीच केले नाही तर काय होईल. ज्या शब्दावर चार जण अडले तो शब्द बदलावा. ज्या वाक्यावर अडले ते वाक्य, गरज असेल तर तोडून, गरज असेल तर जोडून, नव्याने लिहावे. लेखाच्या दर्जाचा प्रश्न यापुढचा आहे, आणि तो संपादकाने नाव घालून, कारणे देऊन, खोडून काढता येईल अशा शब्दांत सोडवावा. हे काम कष्टाचे आहे, पण संपादक हे पद ज्या कामासाठी निर्माण झाले तेच हे काम होय.

माझा लेख मी पुन्हा वाचला. खूण केलेल्या एकोणीस वाक्यांपैकी चार खरोखरच सैल होती. त्यांत एकाच कर्त्याला तीन क्रियापदे ओढावी लागत होती, ती मी सोडवून लिहिली, आणि तसे पत्रात आभारपूर्वक कळवले. उरलेली पंधरा होती तशी ठेवली आहेत. मुदतीविषयीच्या वाक्यातील 'न झाल्यास' हे शब्द कायम ठेवून, त्यांच्याखाली एक रेघ ओढून, लेख काल टपालाने रवाना केला.